खर्जाचा व्हॉल्व

आई गेली आणि बाबांच्या गाण्यातला आधार गेला. अमडापुरात देवीपुढे खंडेनवमीचं भजन वर्षानुवर्षं बाबांचं. मागे बसून तंबोरा छेडायची ती आई. ती गेल्यावर बाबांनी तंबोऱ्याला खोळ घातली आणि कुणाला हात लावू देईनात. बाजाची पेटी त्यांना चालत नसे. आधाराविना गाताना सूर सुटायचा, लोक एकमेकांकडे बघायचे. शेवटी पंचांनी सांगितलं, यंदा नीट झालं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी डोणगावचा भजनी बोलावू. बाबांनी मान हलवली आणि त्या रात्री अर्ध्या जेवणावरून उठले. मला पंचांचा फार राग आला.

मी नागपूरला सायन्स शिकून आलो होतो. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती, मोडके रेडिओ स्वस्तात मिळत. त्यांतले काचेच्या दिव्यांसारखे चार व्हॉल्व काढून मी बाबांना आधाराचा सूर द्यायला एक पेटी बनवली. एकेक व्हॉल्व एकेक साधी शिट्टी द्यायचा, पुस्तकातली साइन वेव्ह: एक खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालचा सा, दुसरा त्याच्या दुप्पट कंपनांचा, मग तिप्पट, मग चौपट. एकटी शिट्टी अगदी निर्जीव. पण चारही योग्य जोरात मिसळल्या की भोंग्यातून तंबोऱ्यासारखा भरलेला सूर यायचा. बॅटरी कापसाच्या जिनिंग कारखान्यातून भरून आणावी लागे. नाकापेक्षा मोती जड.

खंडेनवमीला आमच्याकडे नांगरापासून विळ्यापर्यंत सगळ्या अवजारांची पूजा होते. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात घरातच राहणाऱ्या आत्याने माझी पेटीही पुजली. झाकण उघडून आत हळदकुंकू, वर पाणी शिंपडलेलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुसलं, वाळवलं, पण खर्जाचा व्हॉल्व काही बोलेना. आत्या पदर तोंडाला लावून रडत बसली आणि मी तिला समजावलंही नाही.

संध्याकाळी देऊळ भरलं. पंच पुढेच बसले होते. मी बाबांच्या कानाशी लागलो, खर्ज मेला आहे, आज नको.

"काऊन घाबरून राह्यला बे?" बाबा म्हणाले. "जे चालते ते लाव."

मी उरलेले तीन लावले. बाबांनी डोळे मिटले, भोंग्याकडे कान देऊन ऐकत राहिले. लोक चुळबुळले. मग त्यांनी सा लावला, आणि तो बरोबर खर्जात बसला. शेवटपर्यंत हलला नाही. पंच मान डोलवत होते. मी मात्र सबंध भजनभर बंद व्हॉल्वकडे बघत होतो.

घरी येताना बाबा म्हणाले, खर्ज छान बोलला. मी सांगितलं, तो बंदच होता.

"मले तं आयकू येत होता," ते म्हणाले.

वरचे सूर हिशोबात जुळले की खालचा नसलेला सूर कान आपणच भरून काढतो, हे मी पुढे शिकलो. त्या रात्री मला ते ठाऊक नव्हतं आणि बाबांना त्याची गरज नव्हती. सकाळी त्यांनी तंबोऱ्याची खोळ काढली, आत्याला हाक मारली आणि म्हणाले, "बस इथं. तुले शिकवतो छेडाले."

माझी पेटी पुन्हा कधी लागली नाही.