माथ्यावरची रेती

दिवाळीनंतर कन्हान नदीचं पाणी उतरलं की पात्रात रेतीचं लांबट बेट उघडं पडायचं. धार ज्या टोकावर आदळायची तो माथा, मधलं ते पोट आणि खाली निमुळती शेपटी. आमच्या कुहीकडचे मासेमार ढिवर तिथं डांगरवाडी लावत. रेतीत नाल्या खणायच्या, शेणखत भरायचं आणि डांगराच्या, म्हणजे टरबुजाच्या, बिया टोचायच्या. बेटाला ना सातबारा, ना मालक.

पोटावरची वाडी मैनाबाईची. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. नवरा गेल्यावर एकटीच राबायची. घरी सासरे दादाजी अंथरुणाला खिळलेले. बेटावर पहिला वेल लावला तो त्यांनीच.

ऐंशीच्या सुमारास नागपूरला नंदनवनकडे घरं उठू लागली आणि नदीत ट्रक उतरले. ड्रायव्हरनं निदान विचारलं तरी, "बाई, रेती कुठून काढू?"

आमच्याकडे रेतीला आणि पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं म्हणजे नदीवर मालकी सांगणं. मैनाबाई म्हणाली, "माथ्यावरून ने न गा. पूर आला का पुन्हा भरते."

आजवर भरतच आला होता, पण तेव्हा रेती घमेल्यानं जायची, फार तर बैलबंडीनं. तिच्या त्या भोळेपणाचा मला आजही संताप येतो, आणि तिच्यावर रागावताही येत नाही.

ट्रकांनी उन्हाळाभर माथा ओरपला. पावसाळ्यात धार अडवायला काही उरलंच नाही, पूर सरळ पोटातून गेला. दिवाळीला पाणी उतरलं तेव्हा बेटाच्या जागी काळा खडक आणि खोल डोह होता. मैनाबाईची वाडी गेली, खालच्या सगळ्यांचीही गेली. शेपटीवर वाडी लावणाऱ्या वच्छलाबाईनं काठावर सगळ्यांसमोर विचारलं, "माथा कोणं दाखवला वं त्याहिले?"

"मीच."

एकेक जण दरड चढून निघून गेला. "शिव्या तरी द्याच्या होत्या मले," असं ती पुढे मला म्हणाली.

दादाजींना तिनं यातलं काहीच सांगितलं नाही. चैत्रात म्हाताऱ्याचं अन्न तुटलं आणि त्यांनी डांगर मागितलं. मैनाबाई कुहीच्या बाजारात गेली आणि जन्मात पहिल्यांदा डांगर विकत घेऊन आली. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच बसलो होतो. तिनं फोड कापून म्हाताऱ्याच्या तोंडात घातली. ते बराच वेळ चघळत राहिले.

"पोटावरचं न वं?"

"हो, मामाजी."

"यंदा गोडी चांगली उतरली. बी ठेवजो. पुढच्या साली हेच लावजो."

"लावतो," ती म्हणाली, आणि त्यांच्या ओठांवरच्या बिया एकेक करून पदरात वेचू लागली.