पुलावरचा भालाईत

रोज सकाळी गेम सुरू केला की ताई नायकाला आधी मागे फिरवायची. समोर रस्ता, रस्त्याकडेला पेटलेल्या मशाली, लांबून शत्रूच्या आरोळ्या, आणि ही आपली त्याला पाठीमागच्या भिंतीवर नेऊन आपटायची. भिंतीतून हात आरपार जातो का, कोपऱ्यात शिरलं की कॅमेरा अडकतो का, हे बघून झालं की मगच पुढे. "पुढे काय आहे ते बनवणाऱ्याला दाखवायचंच असतं," ती म्हणायची. "त्याने झाकलंय काय, ते बघावं."

तिची आई म्हणे, हिला देव प्रसन्न झाला तरी ही आधी त्याच्या पाठीमागे जाऊन येईल. आईचं खोटं नव्हतं. फळवाला गोड बोलला की ताई पिशवीतल्या तळाच्या फळापर्यंत हात घालायची. लिफ्ट बोलावल्याबरोबर आली, तर हिला त्यातही काहीतरी काळंबेरं दिसायचं आणि ती जिना चढायची.

घरात जाच वाटणारा हा स्वभाव पोटापाण्याला मात्र कामी आला. धाकट्या भावाने मारामारीचे व्हिडिओ गेम बनवणारी छोटी कंपनी काढली, आणि त्यातल्या खोडी शोधायला बहिणीलाच बसवलं. भाऊ ताई म्हणतो म्हणून सगळं ऑफिस तिला ताई म्हणू लागलं. पाठीमागे काय म्हणतात, तेही तिने शोधून काढलं होतंच.

तिची मतं तिखट होती. बंद दाराबाहेर गोळ्यांच्या पेट्या आणि औषधाच्या बाटल्या रचून ठेवल्या की आत राक्षस बसलाय हे शेंबड्या पोरालाही कळतं. सासूने सकाळी सकाळी कौतुक केलं तर सून सावध होणारच ना, असं ती विचारायची. दहा जणांनी नायकाला घेरायचं आणि मग बँकेच्या खिडकीसमोर उभं राहिल्यासारखं एकेकाने पुढे यायचं, हे तिला अजिबात खपत नसे. तिसऱ्या मजल्यावरून उडी मारणारा मर्द गुडघाभर कुंपणाशी येऊन थबकतो कसा? आणि मेल्यावर दर वेळी खलनायकाचं तेच भाषण पुन्हा का ऐकायचं? "एकदा मेलो एवढी शिक्षा पुरे नाही का?"

मग तिच्या उजव्या अंगठ्याची शीर सुजून आखडली. ऑपरेशन झालं. बरेच आठवडे ती घरी बसली आणि डॉक्टर काहीतरी लपवतोय असा संशय घेत राहिली. अंगठा पूर्वीसारखा चालला नाही, तर बटणांवर चालणारं हे काम गेलं. दुसरं काम तिला येत नव्हतं, आणि खरं म्हणजे नकोही होतं.

ती परतली तेव्हा नवा गेम जवळजवळ तयार होता. त्याच्या शेवटी एका अरुंद पुलावर एक धिप्पाड भालाईत उभा असे. ऑपरेशनपूर्वी त्याने ताईला पुरतं रडवलं होतं. आता दुसऱ्याच फटक्यात तो पाण्यात पडला. भावाने टाळ्या वाजवल्या. ताईने अहवालात लिहिलं, भालाईत फार सोपा आहे, कडक करा. काही दिवसांनी पुन्हा तेच लिहिलं.

पण पुढे एका सकाळी घरी लोणच्याच्या बरणीचं झाकण तिला उघडेना. कुर्त्याचं बटण लावतानाही अंगठा आडमुठेपणा करत होता. बरणीपुढे हरणारा अंगठा भालाईतापुढे जिंकतो कसा? हा प्रश्न मनात शिरला तो शिरलाच. भावाच्या टाळ्याही तिला आता जरा जास्तच जोरात वाजल्यासारख्या वाटू लागल्या.

दुपारी ती पुलावर गेली आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बसली. भालाईताने भाला उगारला आणि उगारलेलाच ठेवला. पाहुण्याचं जेवण आटोपेपर्यंत यजमानाने ताटकळावं, तसा तो थांबला. मग त्याने वार केला, तोही बाजूच्या कठड्यावर.

ती उठली आणि शेजारच्या चष्मेवाल्याच्या मशीनवर जाऊन बसली. गेमचा कोड लिहिणारा तो, सरळ माणूस. तिथे भालाईताने तिला डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भोसकलं. पुन्हा भोसकलं. पुन्हा. चष्मेवाला संकोचून म्हणाला, ताई, तुमच्याच सांगण्यावरून तर मी याला दोनदा कडक केला. आता मलाही तो आटपत नाही.

मग तिला सगळं उमगलं. भावाने चष्मेवाल्याला न सांगता फक्त तिच्या मशीनवर भालाईताचा हात धरून ठेवला होता. ती तिथे जिंकत होती, अहवाल लिहीत होती, आणि त्या अहवालांवरून खरा गेम कुणालाही खेळता येणार नाही असा होत चालला होता.

भाऊ काचेच्या खोलीत होता. तिने दार लावलं. त्याने आधी उडवाउडवी केली, मग मान खाली घातली. तू हरलीस तर कंट्रोलर टाकून घरी बसशील, अशी मला भीती वाटली, म्हणाला.

"आणि लहानपणी कॅरममध्ये मी जिंकायचे, ते?"

त्याने टेबलावरची पेनं एका रेषेत लावायला घेतली.

"म्हणजे तेव्हापासून," ती म्हणाली.

"ताई, वाईट हेतूने नाही गं केलं."

"हेतूचं मला काय करायचंय? मी खोडी शोधते. अख्ख्या गेममधली सगळ्यात मोठी खोड तूच घालून ठेवलीस, आणि तीही माझ्या नावावर."

तिने आपले दोन्ही अहवाल रद्द करायला लावले. भालाईत पूर्वीइतकाच कडक झाला. ज्याचा हात संथ आहे, त्याच्यासाठी सुरुवातीच्याच पानावर उघड पर्याय ठेवा, असं तिने नव्याने लिहिलं. ज्याला हवा तो घेईल. भावाने तो त्याच आठवड्यात घालून घेतला. तरी ताईने आपल्या मशीनवरचा आणि चष्मेवाल्याच्या मशीनवरचा भालाईत शेजारी शेजारी चालवून पाहिले. दोघांचे हात सारखेच उठत होते. तिचा विश्वास बसला असं नाही, पण तेवढ्यावर ती खेळायला बसली.

पर्याय न घेता ती हरली. बऱ्याचदा हरली. मागे उभ्या भावाला बघवेना, पण मध्ये तोंड घालायची त्याची छाती झाली नाही. मग ती मुकाट्याने पहिल्या पानावर गेली, संथ हाताचा पर्याय स्वतःच्या अंगठ्याने निवडला आणि पुन्हा पुलावर आली. खिडकीतलं ऊन स्क्रीनवर सरकलं होतं.

"तो पडदा ओढ रे जरा," ती म्हणाली, "भाला दिसत नाहीये."