अप्पांचा वारा सरेपर्यंत

अप्पांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन पाचवा दिवस होता आणि वारा काही सरत नव्हता. सडलेला तुकडा कापून दोन टोकं शिवली होती. वारा सरला म्हणजे आतडं चालू झालं, मग पाणी, मग पेज. तोवर नाकात नळी, हाताला काचेच्या बाटलीतलं सलाइन, ओठाला ओला कापूस. डॉक्टर रोज विचारायचे, "वारा सरला?" आणि टॉवेलच्या मागावर जन्म काढलेले अप्पा खाली बघून म्हणायचे, "न्हाय सायेब."

त्या दिवशी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेलं. "संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर पोट परत उघडावं लागेल."

मी मॅट्रिकला होते, मला काय कळणार. पण अप्पांच्यात आता दुसऱ्यांदा सोसायचा जोर नाही एवढं दिसत होतं. आईला मी सांगितलंच नाही. दुपारभर त्यांना धरून चालवलं, कॉट ते दार, दार ते कॉट. चार वाजता ते म्हणाले, "गुडगुडतंय गं." मी घाईघाईनं त्यांना कॉटवर निजवते न निजवते तोच दारात नातेपुत्याचे पाव्हणे. ताईचे सासू-सासरे. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले.

अप्पांनी उशाखालची टोपी काढून डोक्यावर घातली. नाकात नळी तशीच.

पाव्हणे बसले. एस्टीत लई गर्दी होती, ताईच्या भाकरी अजून जाडच होतात, सगळं सांगून झालं. अप्पा आपले "व्हय, व्हय." कपाळावर घाम, मूठ कॉटच्या दांड्याला आवळलेली. मला वाटलं टाके तुटले. वाकून विचारलं, "दुखतंय?" त्यांनी मान हलवली आणि डोळ्यांनी दार दाखवलं. तेव्हा कळलं, वारा रोखून धरलाय. व्याह्यांसमोर सोडायचा कसा.

"मावशी, जरा भाईर बसता का?"

"का गं? आत्ता तर टेकलोय."

आईनं मागून चिमटा काढला. पोरीच्या सासूला कुणी असं उठवतं का. मी तरी बोललेच. "अप्पांना वारा सरायचाय. तुमच्यासमोर ते सरू देत न्हाईत. आन् आज सरला न्हाय तर परत पोट फाडणार हायत."

आईची बोटं सुटली. व्याही उठले. सासूबाई तोंडाला पदर लावून त्यांच्या मागं. मी पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिले. काहीच नाही. बाहेरनं सासूबाईंचा दबका आवाज आला, "झालं का गं?"

मग शेजारच्या कॉटवरचे चाचा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "हुआ बेटी. मैं बी सुना."

मी धावत जाऊन सिस्टरला सांगून आले. अप्पा डोळे मिटून पडले होते, टोपी एका कानावर.

"पाव्हणं भाईरच हायत का?"

"हायत की."

"त्यास्नी कँटीनला च्याला ने," अप्पा म्हणाले. "दमानं पाज. अजून हाय."