पुडीतली चटणी

क्वालालंपूरला लेकीने मला पारंपरिक मलय जेवणाच्या हॉटेलात नेलं. आम्ही कोल्हापूरचे. परदेशी जेवण मिळमिळीतच असणार, म्हणून चव न घेताच मी कांदा-लसूण चटणीची पुडी काढली आणि ताटावर भुरभुरली. मग तिथल्या लालभडक मिरचीच्या ठेच्याबरोबर भाताचा पहिला घास घेतला.

कान बधिर झाले. समोरचं ताट दिसेना. हे काय होतं?

आमच्या घरी पाहुण्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं की आम्ही स्वयंपाकघरात जाऊन हसायचो. आज तो पाहुणा मी होतो. उभा जन्म स्वतःला तिखट समजत आलो, पण ते तिखट मोजलं होतं फक्त आपल्याच गावात.

हॉटेलच्या मालकीणबाई पाणी घेऊन धावत आल्या. कुतूहलाने त्यांनी पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली, मान डोलावली आणि लेकीला काहीतरी विचारलं.

"बाबा, उरलेली चटणी मागतायत."

माझी मान जरा ताठ झाली. "दे की. पण जपून खा म्हणावं."

लेकीने हसू दाबलं. "त्यांच्या नातवासाठी हवीय. तो अजून तिखट खात नाही."