कोलंबोचं तिकीट, दिल्लीले चढायचं

आधी एक कबूल करा. हे मी सांगून राहिलो ते उद्या सकाळी तेलीबांध्याच्या तलावावर फिरताना कोणाले सांगायचं नाही. तिथं आधीच लोक मले पाहून हळू चालतात, म्हणजे मी पुढं निघून गेल्यावर त्यांना नीट हसता येते.

तर ऐका माझं मातेरं.

मी रेल्वेचा माणूस. सारी नोकरी रायपूरच्या रिझर्वेशन ऑफिसात गेली. रायपूरचा कोटा फुल्ल असला की मी लोकाईले सांगत जावो, "भैया, मागच्या स्टेशनापासून, बिलासपूरपासून तिकीट काढा, चढायचं रायपूरले लिहून द्या, झालं काम!" किती जणांची लग्नं, बारशी, परीक्षा मी अशा साधून दिल्या! त्याचाच गर्व झाला, अन् तोच नडला.

माझी पोरगी प्राची टोरंटोले राहते. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून इथल्या एक-दोन घरांआड एक पोट्टं बाहेरदेशी आहे, त्यातलीच आमची एक. तिचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. आम्ही दोघं अन् तिचे सासू-सासरे, असे चौघंही जायचं ठरलं. व्हिसे झाले. राहिलं काय? तिकीट!

प्राची फोनवर म्हणे, "पापा, मैं यहीं से करा देती हूँ ना."

"काही गरज नाही! तिकिटाचं तू मले शिकवतं का?"

माझे इवाई, म्हणजे प्राचीचे सासरे, ब्राह्मणपाऱ्यात राहतात. रिटायर हेडमास्तर. भाजी घेतानाही दोनदा विचार करणारा माणूस. ते सदर बाजारातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडून तिकिटं काढणार होते. मी त्यांना थांबवलं. म्हटलं, दुकानात जाऊन विमानाचं तिकीट घेते का कोणी आजकाल? मी पाहतो!

अन् बसलो कॉम्प्युटरसमोर. एका साइटवर कोपऱ्यात छोटासा झेंडा होता. तो दाबला की देश बदलते. देश बदलला की भाव बदलते! मी थायलंड दाबून पाहिलं, नेपाळ दाबून पाहिलं. मग श्रीलंका दाबली, अन् खुर्चीतून उठूनच उभा राहिलो. कोलंबो ते टोरंटो, मधात दिल्लीले विमान बदलायचं. अन् भाव? नुसत्या दिल्ली-टोरंटोपेक्षा कितीतरी कमी! तेच दिल्लीचं विमान, तीच सीट, तेच जेवण!

माझ्या डोक्यात काय आलं असंल, सांगा बरं? बरोब्बर. कोलंबो म्हणजे बिलासपूर. दिल्ली म्हणजे रायपूर.

इवाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला. "पण भाऊ, आपण कोलंबोले तर जाणारच नाही. मग चालते का हे?"

"मास्तर, तुम्ही व्याकरण सांभाळा, तिकीट माझ्यावर सोडा."

सोडलं बिचाऱ्यांनी. चौघांची, जाण्या-येण्याची तिकिटं मी काढून टाकली. अन् मग तोंड बंद ठेवावं की नाही? नाही! तलावावर फिरणाऱ्या झाडून साऱ्यांना सांगितलं. लोक चालता चालता थांबून विचारू लागले, "काका, दुबई के लिए कौन सा झंडा दबाना है?" मी डॉक्टरसारखा चेहरा करून सल्ले देऊन राहिलो होतो.

मंदा, माझी बायको, एकदाच म्हणाली, "अहो, प्राचीले तरी विचारा नं."

"विचारायचं काय त्यात? तिले मी सरप्राइज देणार आहे."

दिलं. पुरेपूर दिलं.

जायच्या दिवशी रायपूरहून सकाळच्या विमानानं दिल्लीले पोचलो. सामान म्हणजे काय विचारू नका. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, मंदानं शिवलेल्या गोधड्या, विहीणबाईंची झबली-टोपडी. तिथं बसलो असताना मोबाइलवर इंग्रजीतून मेल आली. कोलंबोच्या विमानात तुम्ही दिसले नाही, आम्ही तुमची वाट पाहिली, अशा मतलबाची. मी साऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. म्हटलं, "पाहा, किती आपुलकी! आपल्या रेल्वेनं कधी कोणाची वाट पाहिली काय?"

विहीणबाई कौतुकानं हसल्या. ते त्यांचं त्या दिवशीचं शेवटचं हसणं.

काउंटरवर एक मुलगी होती. पासपोर्ट घेतले, खटखट केलं, थांबली. पुन्हा खटखट केलं. "सर, आप लोग कोलंबो से क्यों नहीं आए?"

"क्योंकि हम रायपुर में रहते हैं!"

तिले काही ते पटलं नाही. "सर, आपका टिकट तो कैंसिल हो चुका है."

"अहो कैंसिल कसं? हमने तो किया ही नहीं! हम दिल्ली से चढ़ेंगे. बोर्डिंग पॉइंट बदल दीजिए ना, दीदी."

"सर, ये ट्रेन नहीं है. पहली उड़ान छोड़ दी, तो आगे की सब रद्द हो जाती हैं."

"पर वापसी का तो रहेगा?"

"वापसी भी, सर."

मागे मंदा ट्रॉलीले टेकून उभी होती. तिनं "वापसी भी" ऐकलं, अन् बसकणच मारली.

"पोट्टी तिकडे पोटुशी, एकटी, वाट पाहून राहिली," ती म्हणाली, "अन् हे झेंडे दाबून राहिले!"

विहीणबाई पदरानं डोळे पुसू लागल्या. इवाईंनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. मले वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! ते फक्त इतकं म्हणाले, "मी सदर बाजारातून काढणार होतो हो, भाऊ."

त्या गर्दीत, मोठमोठ्या सामानाच्या मधात, मले रडू आलं. खरंच सांगतो. नोकरीत कोणाची गाडी माझ्यामुळं चुकली नाही, अन् घरच्यांचं विमान मी चुकवलं.

शेवटी प्राचीले फोन लावला. दहा मिनिटं कोणी लावायचा यावर गेली, पण लावला मीच.

"पापा! बैठ गए आप लोग?"

"हो बेटा, बसलो."

"अच्छे से बैठ गए?"

"खाली बसलो, बेटा. फरशीवर."

मग सारं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "पापा, एक बार मुझसे पूछ लेते." बस. आवाज चढवला नाही पोरीनं. तिच्या त्या हळू बोलण्यानं मी आणखीच लहान झालो.

जावयानं तिकडून खटपट केली. दुसऱ्या दिवशीच्या विमानात दोनच सीटा उरल्या होत्या. भाव ऐकून माझे कान बंद झाले, पण तोंड उघडायचा मले अधिकारच नव्हता. दोन्ही आया गेल्या. जाताना मंदानं एकदा मागे वळून पाहिलं. मी हात हलवला. तिनं नाही हलवला.

अन् आम्ही दोघं? त्या भावात आणखी दोन तिकिटं काढायची ऐपत नव्हती. रेल्वेनं परत. सबंध रस्ताभर इवाई खिडकीबाहेर पाहत होते. नागपूर आलं तेव्हा पहिल्यांदा बोलले, "चहा घेता काय, भाऊ?" मी हव म्हटलं, अन् पुन्हा डोळे भरून आले. असा भला माणूस, अन् त्याले मी नातवाच्या जन्माले मुकवलं!

हो, नातू झाला. आम्ही दोघं आजोबा ब्राह्मणपाऱ्यात एका मोबाइलसमोर डोकं डोक्याले लावून बसलो होतो. पडद्यावर इवलंसं लाल गाठोडं दिसलं. मले काही सुधरेना. मंदानं कॅमेरा जवळ नेला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी गोड आवाजात बोलली, "पाहा हो, नाक अगदी तुमच्यावर गेलं!"

माझी छाती फुगली. म्हटलं, "अन् डोक्सं?"

मागून विहीणबाईंचा घाईघाईचा आवाज आला, "नाही नाही, भाऊ, घाबरू नका! डॉक्टरनं तपासलं, डोक्सं चांगलं आहे!"