उत्तरेकडच्या उशा

ओसाकात नदीपलीकडे, जुसो भागात तोकुजी हाशिझुमे यांचं गाद्यांचं दुकान होतं. त्यांचं आयुष्य कापूस पिंजण्यात गेलं आणि बायको फुसाएचं खोळी शिवण्यात. आता दुकान बंद होतं, आणि तोकुजींच्या हृदयाची झडप बदलायची होती. इस्पितळात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलाने, नाओयाने, शहरातल्या सगळ्यात उंच हॉटेलांपैकी एकात त्यांच्यासाठी खोली घेतली. लग्नाला पन्नास वर्षं झाली, कधी कुठे गेला नाहीत, एक रात्र तरी थाटात राहा, असं म्हणून त्याने त्यांना जवळजवळ ढकललंच.

खोलीत शिरताच तोकुजींनी तळव्याने पलंगावरची गादी दाबून पाहिली. आत स्प्रिंगा आहेत, कापसाचा वाससुद्धा नाही, यावर माणूस झोपणार की तरंगणार, असा शेरा मारून ते आंघोळीला गेले.

फुसाए खिडकीशी आली. खाली शहर पसरलं होतं आणि समोर सूर्य मावळत होता. रोजच्यासारखे तिने हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा लक्षात आलं, की सूर्य समोर आहे, म्हणजे उजवीकडे उत्तर. आणि पलंगावरच्या उशा उजवीकडेच होत्या.

उत्तरेला डोकं करून निजवतात ते मेलेल्याला. घरी गादी चटईवर अंथरायची असते, हवी तशी फिरवता येते. हा पलंग भिंतीला ठोकलेला. आणि दोन दिवसांनी शस्त्रक्रिया.

नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. कापसाला उत्तर-दक्षिण कळत नाही, असं म्हणून त्यांनी जन्मभर तिची टिंगल केली होती. टिंगलीचं तिला काही वाटत नव्हतं. पण तोंड उघडलं, तर मनातली भीती त्यांना दिसेल, आणि आज तेवढंच नको होतं.

तिने हळू आवाजात खाली फोन केला. मजल्याची व्यवस्था पाहणाऱ्या हिराईबाई वर आल्या. या बाजूच्या सगळ्या खोल्या अशाच आहेत आणि पलीकडच्या भरल्यात, असं त्यांनी वाईट वाटून सांगितलं. हसल्या मात्र नाहीत. आपली आईही कुठे गेली की आधी दिशाच विचारते, म्हणाल्या. मग दोघींनी मिळून उशा पायथ्याशी नेल्या, चादर-पांघरूण उलटं घातलं. नळाचा आवाज थांबण्याआधी हिराईबाई कमरेत वाकून निघून गेल्या.

तोकुजी बाहेर आले आणि पलंगापाशी थबकले.

"हे काय गं? उशा पायथ्याशी?"

"इकडून नदी दिसते. पलीकडे आपलं जुसो. तिकडून नुसती भिंत दिसत होती."

त्यांनी उशांकडे पाहिलं, मग खिडकीतल्या उरल्यासुरल्या तांबड्या उजेडाकडे, मग तिच्याकडे. फुसाए चादरीची नसलेली सुरकुती काढत होती.

"बरं केलंस," ते म्हणाले. चष्मा काढून टेबलावर ठेवला, आडवे झाले आणि मान वळवून खिडकीकडे पाहत म्हणाले, "छान दिसते नदी."

फुसाएचा हात थांबला. चष्म्याशिवाय त्यांना हातभरावरचं दिसत नसे.

ती पलंगाच्या कडेला बसली. मग पुलावर काय चाललंय ते सांग, असं त्यांनीच म्हटलं. गाडी चाललीय, आपल्या बाजूला, ती म्हणाली.

"भरलेली आहे का?"

"इतक्या वरून कसं कळणार, अहो? पण असेल. सगळे घरी निघालेत."

"हं." तोकुजींनी छातीवर हात ठेवला. "फुसाए, मला भीती वाटतेय."

पन्नास वर्षांत तिने हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. देवाचं नाव घ्या, सगळं नीट होईल, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं. ते तिने गिळलं.

"मलाही," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली.