विमानासाठी राखलेलं वावर

म्हातारपणी जगदेवला विमानांपेक्षा रिठदची बैलगाडीच जास्त आठवे. दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या वर्षांत तो मुंबईच्या एका विमान कंपनीत वैमानिक होता. घर मात्र रिठदलाच. त्याच्या बायकोला, पंचफुलाला, मुंबईचं पाणी मानवलं नव्हतं. सुट्टी मिळाली की तो मेलने अकोल्याला उतरे, तिथून छोट्या आगगाडीने वाशिम आणि पुढे थोरल्या भावाच्या, उकंडरावांच्या, बैलगाडीतून गाव. एक रात्र आणि एक सबंध दिवस त्यातच जाई. विमान नागपूरला नेताना मात्र हाच मुलूख बघता बघता मागे पडे.

"डोक्यावरून जाचं अन् घरी याले दोन दिस लागाचे, हे काय झालं?" उकंडराव दर खेपेला चिडत.

एका उन्हाळ्यात त्यांनी गाडी घराकडे नेलीच नाही. नाल्यापलीकडच्या पडीत वावरात थांबवली. जगदेव बघतच राहिला. गोटे वेचलेले, बोरी मुळासकट खणलेल्या, जमीन अंगणासारखी चोपलेली. चारी कोपऱ्यांवर चुना फासलेले धोंडे.

"उतरव इथं तुहं इमान. तुह्या वहिनीनं टोपल्या वाह्यल्या गोट्यांच्या."

जगदेव वावराच्या या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत चालत गेला. खोटं बोलावं, पुढच्या वर्षी बघू म्हणावं, असं त्याच्या मनात आलं. पण मग दादा पुढच्या वर्षीही वावर पडीतच ठेवतील.

"दादा, जागा पुरत नाही. अन् इमान कंपनीचं हाये, त्यात लोक बसलेले असतात. मले मधात उतरता येत नाही."

उकंडरावांनी चुना फासलेल्या धोंड्यावरून हात फिरवला.

"मंग पह्यले काहून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं कुठं?"

उकंडराव एकदम मोठ्यानं हसले. जगदेवही हसला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"जाऊ दे. तूर पेरतो," ते म्हणाले आणि बैलांना हाक दिली.

परतीच्या दिवशी वाशिमपर्यंत उकंडराव विचारत राहिले. इमानाले किती लांब जागा लागते, पावसात ते कसं उतरते, ढगात वाट कशी दिसते. जगदेव सांगत राहिला. स्टेशन आलं तेव्हा त्याला पहिल्यांदाच ती वाट कमी पडल्यासारखी वाटली.